दीर तेवढा राहिला

टक्.

आतल्या खोलीतून एवढाच आवाज आला, आणि त्याआधी घर बराच वेळ गप्प होतं हे तिच्या एकदम लक्षात आलं. चार वर्षांचं पोर जागं असताना घरात इतकी शांतता असणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. कंगवा केसात तसाच अडकवून ती आत धावली.

भिंगरी पलंगाखाली पालथी पडली होती. जाड काळ्या मार्करला तिने नुकतंच टोपण लावलं होतं, मोठी माणसं काम आटोपल्यावर लावतात तसं, दाबून. पुढ्यात लग्नाचा फोटो होता. चौकटीतून तो कधी काढला, कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"काय केलंस गं हे?"

"तुझं ऑफिस," भिंगरी म्हणाली.

फोटोतली झाडून सगळी तोंडं काळी होती. नवरा-नवरी, मागे उभी असलेली सासरची फौज, पुढे मांडी घालून बसलेली पोरं, कुणालाही सोडलेलं नव्हतं. काम मात्र नीटस होतं, रंग एकाही तोंडाबाहेर गेला नव्हता. ते पाहून तिच्या मनात रागाच्या आधी क्षणभर कौतुक आलं, मग राग आला, आणि तोवर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वा," सासूबाई म्हणाल्या. "घराण्याचं तोंड काळं केलं म्हणतात, ते आज डोळ्यांनी बघायला मिळालं."

"आई, मी पुसून बघते."

"पुसू नकोस, आणखी फासलं जाईल." त्यांनी फोटो हातभर लांब धरला. "आणि इतकं रंगवून झाकलंय काय? ही माझी थोरली जाऊ. कमरेवरचा हात बघ, जन्मभर तिथेच होता. हा तुझा दीर. एक पाय पुढे, पळायच्या बेतात. आणि ही मी."

"तू कशावरून, आजी?"

"सगळ्यांच्या मागे उभी आहे त्यावरून." सासूबाईंनी फोटो कपाटावर, पोरीचा हात पोचणार नाही असा ठेवला. "जा तू. उशीर होईल. आणि ते पेन आण बघू इकडे."

बसमध्ये दांड्याला लोंबकळताना ती दोनदा मनाशी हसली. संध्याकाळी नवऱ्याला सांगायला मजा येणार होती. तो रुग्णवाहिका चालवायचा, आणि घरी यायचा तेव्हा त्याला हसण्याची गरज असायची.

ती जिथे नोकरी करायची तिथे लोक पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन येत. दारावरच्या पाटीवर लांबलचक नाव होतं, पण लोक नुसतं 'तक्रार कचेरी' म्हणत, आणि तेही आजूबाजूला बघून. तक्रार आली की तपासनीस जबाब घेई, आणि जबाबाची प्रत ज्या पोलिसावर आरोप त्याला पाठवावी लागे. त्यालाही आपली बाजू मांडायचा हक्क होताच. फक्त एखादा साक्षीदार म्हणाला, की साहेब, खरं ते सांगतो पण माझं नाव पुढे जाऊ देऊ नका, तर प्रत जाण्याआधी त्याची ओळख झाकायची. हे झाकायचं काम तिचं.

आधी ते कॉम्प्युटरवर व्हायचं. मग कुणी शहाणा निघाला. त्याने पडद्यावरच्या काळ्या पट्टीखालचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला आणि सगळं स्वच्छ वाचलं. तेव्हापासून कागद छापायचा, मार्करने हाताने काळं करायचं, आणि मग त्याची झेरॉक्स पाठवायची, कारण शाईमागची अक्षरं उजेडाला धरली तर दिसतात, झेरॉक्सच्या काळ्यात दिसत नाहीत. काय काय झाकायचं त्याची यादी टेबलाच्या काचेखाली होती. नाव, आडनाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, धंदा, जन्मतारीख, अंगावरची खूण. यादी तिला तोंडपाठ होती. आणि दुसरंही पुष्कळ पाठ व्हायचं, नको असलं तरी. जे झाकायचं ते आधी नीट वाचावं लागतं. शहरातून चालताना एखादी पाटी दिसली की तिला वाटायचं, इथे कुणीतरी आपल्या ओळखीचं राहतं. मग आठवायचं, की ओळख एकाच बाजूची आहे.

टेबलाच्या पलीकडे ठिपके काका बसत. मार्करच्या आधीच्या काळात ते नावाच्या जागी टाईपरायटरवर ठिपके मारत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, त्यामुळे त्यांना कशाचीच घाई नव्हती आणि कशाचीच भीतीही नव्हती. काळजी फक्त तिची होती.

"हसतेस काय एकटीच?" ते म्हणाले.

तिने फोटोची गोष्ट सांगितली. काका पोट धरून हसले. "ठेव पोरीला माझ्या जागेवर. यादी तरी लागणार नाही तिला."

तेवढ्यात लंबू आत आला. लंबू म्हणजे तपासनीस. दारातून येताना वाकायची त्याला सवय होती, दार उंच असलं तरी. तो खुर्चीत बसला नाही, टेबलाला टेकला, आणि म्हणाला, "लाँड्रीवाली साक्ष मागे घेतेय."

कोणती लाँड्रीवाली ते विचारावं लागलं नाही. एका गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करणारा एक तरणाताठा माणूस होता. सामान हटवायला उशीर केला म्हणून तिघा पोलिसांनी त्याला भर संध्याकाळी बदडलं होतं, आणि आता त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं. अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं आणि कुणी काही पाहिलं नव्हतं. बोलली ती एकटी लाँड्रीवाली. तिचं धाडस लहान नव्हतं, कारण त्याच पोलिसांचे गणवेश इस्त्रीला तिच्याकडे येत.

"का मागे घेतेय?" तिने विचारलं.

"त्या तिघांतला मोठा कपडे घ्यायला आला. वर्षानुवर्षं येतो. तिला ताई म्हणतो, ताई एक कॉलर राहिली, ताई सुट्टे नाहीत. परवा आला, कपडे घेतले, आणि म्हणाला, 'काय वहिनी, दीर काय म्हणतोय?' बस. एवढंच. हसला आणि गेला."

"धमकी?"

"कसली धमकी? मी काय लिहू, 'ताई'ची 'वहिनी' केली म्हणून? वहिनी म्हणणं हा गुन्हा आहे का?" लंबूने डोकं खाजवलं. "पण बाई हुशार आहे. तिला काय कळायचं ते कळलं. आणि पुढचं ऐक. तिला वाटतंय दिराने तोंड उघडलं. पोरगा जरा बोलघेवडा आहे, चहाच्या टपरीवर उभा राहून बढाया मारत असेल, असं तिचं म्हणणं. तिने त्याला घराबाहेर काढलंय. तो म्हणतो मी शपथेवर सांगतो, मी कुणाला काही बोललो नाही. ही म्हणते, मग माझ्या आणि तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. "पाठवलेली प्रत काढा ना, काका."

"काय करायचीय आता?"

"काढा ना."

कागद हातात आला. काळ्या पट्ट्या सरळ होत्या, कडेला कुठे शाई फुटलेली नव्हती. हात तिचाच. नाव नव्हतं, गल्ली नव्हती, दुकान नव्हतं, इस्त्री नव्हती. मधोमध एक ओळ अशी उरली होती: 'मी दारात उभी होते. माझा दीर ▬▬▬ पुढे जायला निघाला, तेव्हा मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.'

दिराचं नाव झाकलं होतं. दीर तेवढा राहिला होता.

त्या संध्याकाळी पोलिसांनीही पाहिलं असणार, की कुणीतरी तरुण पुढे आला आणि कुणीतरी त्याला मागे खेचलं. अंधारातलं दार नक्की कुठलं, तेवढंच ठाऊक नसेल. ते तिच्या ह्या कागदाने कळवलं. सही-शिक्क्यानिशी, सरकारी लखोट्यातून, पोच घेऊन.

ती उठून उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उठली.

"काका, हे बघा."

काकांनी चष्मा वर ढकलून वाचलं. "काय झालं? नाव आहे का? नाही. यादीत नातं आहे का? नाही. मग?"

"दीर म्हटलं की सांगणारी बाई झाली. लग्न झालेली बाई झाली. नवऱ्याला भाऊ आहे हे झालं, तो वहिनीजवळ राहतो हे झालं. त्या गल्लीत अशी घरं किती असतील? आणि हे 'उभी होते' बघा."

"आता 'होते'ची मात्रा खोडणार आहेस? व्याकरणाला कुठवर काळं फासशील तू? मग जबाबात उरेल काय, 'मी' आणि पूर्णविराम." त्यांनी कागद खाली ठेवला आणि आवाजही. "हे बघ पोरी. यादी वरून आलेली आहे. वर बसलेल्या माणसांना नातेवाईक नसतात, त्याला तू काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. हा कागद होता तिथे ठेव."

"तो दीर घराबाहेर आहे, काका."

"तो आहे. तू अजून आत आहेस. तुझा करार पुढच्या महिन्यात नवा व्हायचाय, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

लंबू टेबलाला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही," आणि गेला. जाताना दारात वाकला.

तिने दोन जबाब आणखी काळे केले. दुसऱ्यात 'माझी सवत' असं होतं. तिने ते झाकलं. मग 'सासरा' झाकला, 'जावई' झाकला, 'मामेसासू'पाशी पोचली तेव्हा पानावर गोष्ट उरली नव्हती, नुसता कोळसा उरला होता. तिने ते पान फाडलं, नवं छापून घेतलं आणि मोठ्या बाईंच्या खोलीपुढे जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाई विभागाच्या प्रमुख. चष्मा कपाळावर असताना टेबलावर चष्मा शोधायची त्यांची पद्धत होती, आणि तो कुठे आहे हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

"बस."

"उभीच बरी आहे, बाई."

तिने सांगितलं. सांगताना वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान झालं, चार-पाच वाक्यांत संपलं. बाई ऐकत होत्या.

"नाव झाकलेलं होतं?"

"होतं."

"पत्ता, दुकान, धंदा?"

"सगळं."

"मग यादीप्रमाणे चूक नाही."

"यादीप्रमाणे नाही."

"मग कशाप्रमाणे आहे?"

"वाचणाऱ्याप्रमाणे आहे," ती म्हणाली.

बाईंनी शोधणं थांबवलं. "तू हे लिहून दिलंस तर काय होतं माहीत आहे? आपल्याला त्या बाईला लेखी कळवावं लागतं, की तुमची ओळख आमच्या कागदातून फुटली. वर कळवावं लागतं. तुझं नाव त्यात येतं."

"ते काळं नाही का करता येणार?"

बाई हसल्या नाहीत. मग जरा वेळाने हसल्या, नाकातल्या नाकात. "आणि तिला कळलं, की आम्हीच फोडलं, मग ती आपल्यावर विश्वास ठेवेल?"

"आत्ता ती तिच्या दिरावर ठेवत नाहीये. नवऱ्याचा भाऊ आहे तो, बाई. घर फुटायला काय लागतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "दोन ओळींत लिही, रडगाणं नको. वरचे साहेब आज नाहीत, त्यांच्या सहीशिवाय हे बाहेर जाणार नाही. सोमवारी सकाळचं पहिलं काम हे. लंबूला पाठवते, तो तिला समोर बसवून नीट सांगेल, दिरालाही बोलावून घेईल. आणि साक्ष मागे घ्यायची की नाही ते ती मग ठरवेल."

"सोमवारी?"

"सोमवारी. आणि ऐक. तू तिच्याकडे फिरकायचं नाहीस. तू तिला ओळखत नाहीस. कळलं?"

"हो बाई."

कळलं होतंच. घरी नवरा आला, जेवला, तिने फोटोची गोष्ट सांगितली, तो हसला. तीही हसली. लाँड्रीचं तिने काही सांगितलं नाही, कारण कचेरीतलं घरी सांगायचं नाही हा नियम होता आणि तो तिने आजवर पाळला होता. फक्त नियमाचं ओझं आजवर कधी असं छातीवर बसलं नव्हतं.

शनिवारी सुट्टी. नवरा पहाटेच कामावर गेला. तिने ओटा पुसला आणि थोड्या वेळाने पुन्हा पुसला. कपाटातले कपडे काढले, घडी मोडून घडी घातली. भिंगरीला आंघोळ घालताना तिच्या डोळ्यात साबण गेला, आणि तिला शांत करता करता ही स्वतःच रडवेली झाली.

"बूड टेकव जरा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून नुसती वावटळ झालीयेस. काय हरवलंय का?"

"नाही आई. भिंगरीचा कोट तेवढा इस्त्रीला टाकून येते."

"लोकरीच्या कोटाला इस्त्री?"

"वाफेची करतात."

"मग कोपऱ्यावर टाक की."

"कोपऱ्यावरचा जाळतो," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या त्या गरीब माणसाची मनात माफी मागितली.

दुकान उघडं आहे का एवढंच बघायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. समोरच्या बाजूने चालत जायचं. दीर आला असेल परत, दिसेल काम करताना, की जिवाची ही घालमेल थांबेल आणि सोमवारपर्यंत दम निघेल. पोर बरोबर असलं की बाईमाणसाकडे कुणी संशयाने बघत नाही, हेही तिने मनात धरलं होतं. बसचा नंबर कुणाला विचारावा लागला नाही, उतरायचं कुठे तेही नाही. आपण किती सराईतपणे चाललो आहोत हे गल्लीत वळताना तिला जाणवलं, आणि पाय जरा अडखळले. पण भिंगरी पुढे ओढत होती.

गल्लीच्या तोंडाशी जमिनीवर तेलाचे जुने डाग होते आणि भिंतीत एक रिकामा खिळा, हवा भरायचा पंप अडकवायचा असावा. समोरच लाँड्री. समोरच्या बाजूने चालत जायचं ठरलं होतं, पण गल्लीला समोरची बाजू अशी नव्हतीच, इतकी ती अरुंद होती.

"या ताई," आतून आवाज आला.

लाँड्रीवाली तिच्यापेक्षा लहान निघाली. कागदावर ती पोक्त वाटली होती, भारदस्त बाई असेल असं वाटलं होतं. ही तर किडकिडीत, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली, कपाळावर घामाने केस चिकटलेले. घोंगडी अंथरलेल्या लांब टेबलावर ती चादर दाबत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक इस्त्री होती. ती गार होती, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. वर दांडीवर गणवेश टांगले होते, एकापुढे एक, बटणं लावलेले.

"हा कोट," ती म्हणाली. "वाफेवर होईल का?"

"होईल की. कुणाचा, तुझा का गं?" लाँड्रीवालीने पाण्याच्या फवाऱ्याची बाटली उचलून भिंगरीकडे धरली. "मार बघू ह्या चादरीवर. मार, मार. घाबरतेस काय?"

भिंगरीने फवारा मारला. चादरीवर मारला, टेबलावर मारला, स्वतःच्या बुटांवर मारला. लाँड्रीवाली हसली, आणि हसताना तिची मान नकळत गार इस्त्रीकडे वळली, जणू तिकडून कुणीतरी काही टवाळ बोलेल. कुणी बोललं नाही.

"माझा दीर असता तर त्यानेच तुला भिजवलं असतं," ती भिंगरीला म्हणाली.

"कुठे आहे तो?"

"आहे. गेलाय." तिने कापडी चिठ्ठी आणि बॉलपेन घेतलं. "नाव काय घालू, ताई?"

खरं तर किती साधा प्रश्न. दिवसभरात ती तो कितीकांना विचारत असेल. पण आपलं नाव सोमवारच्या कागदावर असणार, हे हिला आठवलं, आणि जे पहिलं सुचलं ते नाव तिने सांगून टाकलं.

भिंगरीने बाटली खाली केली. "ते कुठे तुझं नाव आहे?"

"अगं, गंमत," ती म्हणाली.

लाँड्रीवालीचं पेन चिठ्ठीवर टेकलं होतं, पण चाललं नव्हतं. "फोन नंबर?"

"नको. मीच येईन न्यायला."

"राहता कुठे?"

"इकडेच. म्हणजे, जरा लांब."

"जरा लांब," लाँड्रीवाली म्हणाली. तिने चिठ्ठी बाजूला ठेवली. इस्त्री उभी केली. तिच्या चेहऱ्यात कुठेतरी एक दार हळूच लागलं, आणि ते लागताना समोरचीला स्पष्ट दिसलं. आता कोट घेऊन निघायचं, एवढंच उरलं होतं. ती वळलीही. मग ती गुंडाळलेली वायर पुन्हा नजरेस पडली, इतकी नीट गुंडाळलेली, जाणाऱ्याने नव्हे तर मागे राहिलेल्याने गुंडाळली असावी अशी, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"तुमच्या दिराने कुणाला काही सांगितलेलं नाही."

रस्त्यावरून कुणीतरी बादली खडखडवत गेलं.

लाँड्रीवाली हलली नाही. फक्त तिचा हात पुढे आला आणि भिंगरीच्या हातातून तिने बाटली काढून घेतली, हळूच, बोटं न ओरबाडता. मग कोट उचलला, घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, आणि टेबलावरून अलीकडे सरकवला.

"ताई, हा घेऊन जा."

"ऐका ना. मी फक्त..."

"त्यांना सांगा, मी सोमवारी कचेरीत जाते आणि मागे घेते. सांगितलंय मी तसं आधीच. आणखी कुणाला पाठवायची गरज नाही." तिचा आवाज अगदी खाली होता, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो त्याहूनही मऊ. "त्या दिवशी साहेब येऊन गेले, ते ठीक. आज बाई पाठवली. लेकरू घेऊन. लेकराला तरी नव्हतं आणायचं."

"मला त्यांनी नाही पाठवलं."

"मग कुणी?"

एक शब्द होता. कचेरी. तो उच्चारला असता तर ही बाई काय ऐकणार होती? की ज्या घरात तिने विश्वासाने आपलं नाव ठेवायला दिलं, तिथली माणसं सुट्टीच्या दिवशी तिचा पत्ता घेऊन गल्लोगल्ली हिंडतात, खोट्या नावाने कोट टाकतात. आणि ते खरंच होतं. सोमवारी लंबू येईल, वाकून आत शिरेल, टेबलाशी बसून नीट समजावेल, दिराला बोलावेल. तो बोलायला लागला की ह्या बाईला आजची दुपार आठवेल, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला ती म्हणेल, हो, तुमच्याकडून परवाच एक येऊन गेली.

"तुम्ही सोमवारी काही मागे घेऊ नका," ती कशीबशी म्हणाली. "एक दिवस थांबा. तेवढंच."

लाँड्रीवाली टेबलाला वळसा घालून दाराशी आली, दोघींना अंगाचा स्पर्श होऊ नये इतकी चोरून, आणि हात वर करून तिने शटर अर्ध्यावर ओढलं. मायलेकी मागे सरून गल्लीत आल्या, ती आत राहिली. शटरखालून फक्त तिच्या चपला दिसत होत्या, एकमेकींना चिकटून, अजिबात न हलणाऱ्या.

ही कोट छातीशी धरून गल्लीत उभी होती. भिंगरीने तिचा हात ओढला. तिने हात दिला, पण पाय उचलला नाही. भिंगरी खाली वाकली, शटरखालून त्या चपलांकडे बघून आली, आणि तोंड वर करून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा तिच्या त्या मोठ्या कुजबुजीत तिने विचारलं,

"आई, ही मावशी तुला का घाबरली?"